बांगड्याचे तिखले आणि जर्मन वाइन

गतांकात आमच्या एका स्नेह्यांनी जर्मन वाइनची मनापासून स्तुती केली आहे. झणझणीत आशियाई जेवणाला शोभेल असे पेय जगात शोधू गेल्यास ते ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांच्या काठीच सापडते, आपल्या मत्स्याहाराचे भाग्य आता कोठे उजळू लागले आहे, असा त्यांच्या लेखाचा सूर आहे. लेख वाचनीय आहे, माहितीपूर्णही आहे. परंतु लेखाच्या अखेरीस त्यांनी सोलकढीला जाता जाता एक टोला मारला आहे. ती मुलाबाळांसाठी आणि पोटाच्या तक्रारींसाठी ठीक, सुसंस्कृत भोजनात तिला स्थान नाही, असे त्यांना वाटते. रत्नागिरीत बसून हे वाचणाऱ्या आम्हांला गप्प राहणे शक्य नव्हते. आमचे भांडण त्यांच्या बाटलीशी नाही. त्यांनी जी मोजपट्टी लावली तिच्याशी आहे.

प्रथम त्यांचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. रीझलिंग नावाच्या द्राक्षाचा उल्लेख जर्मनीत १४३५ सालच्या एका सरदाराच्या तळघराच्या हिशेबात सापडतो. म्हणजे द्राक्ष जुने आहे आणि त्याची कीर्ती उगाच झालेली नाही. हा मुलूख द्राक्षाच्या वेलीच्या दृष्टीने थेट उत्तरेच्या टोकाचा. ऊन कमी, थंडी फार. नदीकाठच्या उभ्या चढणींवर पाटीच्या काळ्या दगडात वेल रुजतो, दिवसा तापलेला दगड रात्री ऊब देतो आणि फळ संथपणे पिकते. अशा फळात आंबटपणा टिकून राहतो. थंड तळघरात रस आंबण्याची क्रिया मंदावते, ती वेळीच थांबविली की थोडी साखर रसात शिल्लक राहते आणि मद्यार्क बेताचा राहतो. काबिनेट या वर्गातील गोडसर रीझलिंगमध्ये तो बहुधा आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. फ्रान्सकडच्या लाल वाइनमध्ये तो तेरा-चौदा टक्क्यांवर जातो, शिवाय सालीचा तुरटपणा वेगळाच.

आता मिरचीचा स्वभाव पाहू. मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे, ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटते तोच ग्राहक उष्णतेची, चटक्याची वार्ता मेंदूला देत असतो. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियस यांनी तो शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापूशियन यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच ग्राहकाला मद्यार्कही डिवचतो. म्हणून तिखट कालवणावर कडक दारू घेणारा माणूस विस्तवावर तेल ओततो. पाण्यानेही आग शमत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळते तेलातुपात, स्निग्ध पदार्थात. साखर जिभेची समजूत घालते, आंबटपणा तोंडाला पाणी आणून जीभ धुऊन काढतो, थंडपणा त्या तप्त ग्राहकाला क्षणभर शांत करतो.

तेव्हा जर्मन वाइन तिखटाला का चालते, हे कोडे राहत नाही. ती आंबट आहे, किंचित गोड आहे, थंडगार प्यायली जाते आणि तिच्यात मद्यार्क कमी आहे. तिचे तिखटाशी जमते ते या चार गुणांमुळे. तिच्या बाटलीची लांब मान, तिच्यावरील किल्ल्याचे चित्र आणि ती पिणाऱ्यांची प्रतिष्ठा यांचा जिभेशी काडीइतकाही संबंध नाही.

आता आमच्या स्नेह्यांनी कृपया आपल्याच आईच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.

एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकून लालभडक होतात. ते फोडून, बिया आणि गर वेगळा करून साली पुन्हा त्याच रसात बुडवायच्या आणि उन्हात वाळवायच्या, अशी पुटामागून पुटे चढवून आमसुले होतात. रातांब्याच्या रसाला मीठ लावून मुरवला की त्याचे आगळ होते, तो वर्षभर टिकतो. बियांचे तेलही वाया जात नाही, त्याचे मुठेल भेगाळलेल्या टाचांना लागते. या आगळात ओल्या नारळाचे पहिले दाट दूध, ठेचलेली लसूण, एखादी हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. कोणी जिरे घालते, कोणी चिमूटभर साखर. आंबटपणा रातांब्याचा, अंगचा गोडवा नारळाच्या दुधाचा, गारवा मातीच्या भांड्याचा किंवा आता शीतकपाटाचा. मद्यार्क शून्य. आणि जर्मन वाइनमध्ये जे मुळीच नाही ते येथे आहे, नारळाच्या दुधातील स्निग्धांश. कॅप्सेसिनला विरघळवून जिभेवरून उचलून नेणारा तो घटक रीझलिंगच्या कोणत्याही बाटलीत, मग ती कितीही महाग असो, मिळणार नाही.

म्हणजे स्नेह्यांच्याच मोजपट्टीने मोजले तर चार गुणांत बरोबरी आणि पाचव्यात सोलकढी पुढे. हा निकाल आम्ही अभिमानापोटी देत नाही. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले समोर घेऊन कोणीही तो घरी पडताळून पाहावा. तिरफळाने जीभ जी बधिर होते, झिणझिणते, तिच्यावर वाइनचा फुलांचा, पीच फळाचा सुगंध कितपत उमटतो तेही त्याच वेळी कळेल.

येथे कोणी म्हणेल की, हा सगळा स्वदेशीचा जुनाच हट्ट झाला. परदेशी ते वाईट, आपले ते चांगले. वाचकहो, असा हट्ट धरण्याची सोय आम्हांला इतिहासानेच ठेवलेली नाही. ज्या मिरचीसाठी हा वाद चालला आहे ती मिरचीच मुळी आपली नाही. पोर्तुगीज गलबते येण्यापूर्वी या किनाऱ्यावर तिखट म्हणजे मिरी आणि आले. मिरची अमेरिकेतून आली, काजू ब्राझीलमधून आला, अननस, पपई, पेरू त्याच वाटेने आले. ज्याच्या नावाने रत्नागिरी ओळखली जाते त्या हापुसालादेखील आफोन्सो द आल्बुकेर्कचे नाव चिकटले आहे. आणि आमच्या सणासुदीच्या ताटातील विंदालू घ्या. त्याचे मूळ पोर्तुगीज नाव वाइन आणि लसूण यांवरून पडलेले आहे. दूरच्या प्रवासात मांस टिकावे म्हणून ते वाइनमध्ये आणि लसणीत मुरवीत. हा पदार्थ गोव्याच्या किनाऱ्याला लागला तेव्हा येथे द्राक्षे नव्हती. स्वयंपाकिणींनी काय केले? वाइन काढून टाकली आणि माडीचा शिरका घातला, मिरची वाढविली, दालचिनी-लवंग वाटून लावली. सोरपोतेलाची कथाही फारशी निराळी नाही. तिखट मांसाला वाइन लागते की नाही या प्रश्नाचा निकाल त्या अनाम बायकांनी कित्येक पिढ्यांपूर्वीच देऊन ठेवला आहे. परका पदार्थ त्यांनी आनंदाने घरात घेतला, मात्र त्याच्यासोबत आलेल्या तोऱ्याला दाराबाहेर ठेवले. आम्ही तेवढाच आग्रह धरीत आहो.

जर्मनांविषयी तर आमच्या मनात अढी असण्याचे कारणच नाही. मुंबई-पुण्याच्या मिशनची धुरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन येशुसंघीयांनी वाहिली. १८६९ साली मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांच्याच हातून उभे राहिले. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग जर्मनच होते. ते मराठी शिकले, मराठीत छापले. जर्मनीहून येणारी माणसे आपली भाषा शिकत होती. आज जर्मनीहून येणाऱ्या बाटलीसाठी आपण मात्र आपली जीभ विसरावी, हे विपरीत आहे.

परंतु सोलकढीची बाजू मांडणे हा या लेखाचा अर्धाच हेतू आहे. सोलकढीचे एकवेळ बरे चालले आहे. कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आगळाच्या बाटल्या शहरातील दुकानांत दिसू लागल्या आहेत. खरा अन्याय होतो आहे तो दुसऱ्या एका फळावर.

मार्च-एप्रिलमध्ये रत्नागिरीहून लांज्याकडे, राजापूरकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने चालत जावे. काजूच्या बागांखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडलेला असतो. बी पिरगळून घेतलेली असते, बोंड टाकून दिलेले असते. एक किलो बीमागे पाचसहा किलो, कधी त्याहूनही अधिक बोंडे निघतात. त्यांच्यात साखर आहे, संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व आहे, धुंद करणारा एक सुवास आहे. दोन दिवसांत ती काळी पडतात, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर चिलटे घोंघावतात. बागायतदार बीचा भाव वाढला की पडला एवढेच पाहतो, कारण बोंडाला भावच नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वेंगुर्ल्याच्या त्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारखी भरघोस जाती काढून काजूची बी कोठल्या कोठे नेली. बी वाढली तशी बोंडेही वाढली, आणि ती आणखी मोठ्या प्रमाणात कुजू लागली.

गोव्यात याच फळाचे काय होते हे वाचकांना ठाऊक आहे. कोळंबीवर तुडवून रस काढतात, तो आंबवून भाटीवर चढवितात, पहिल्या धारेचा हुर्राक होतो, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय म्हणून गौरविले. दोडामार्ग-सावंतवाडीकडील बोंडे सीमा ओलांडून तिकडे जातात. रत्नागिरीची बोंडे जाऊ शकत नाहीत, एवढा प्रवास त्या नाजूक फळाला सोसतच नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे जो वारसा ठरतो तोच अलीकडे गुन्हा ठरत आला, हे आपण निमूटपणे पाहत राहिलो.

हे आपोआप घडले असे समजू नये. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावठी दारूचे उत्पादन सरकारी मक्त्याखाली आणले, माडाच्या झाडांवर कर चढत गेला. माडी काढणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय त्या रत्नागिरी जिल्ह्यातील भंडारी समाजाचे कंबरडे त्याने मोडले. हेतू लोकांची नीती सुधारण्याचा नव्हता, महसुलाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू निःसंशय उदात्त होता, पण पुढे त्याची बंधने सैल करण्यात आली तेव्हा ती साखर कारखान्यांच्या मळीसाठी सैल झाली, मागाहून द्राक्षासाठी सैल झाली. २००१ साली राज्याने वाइनचे धोरण जाहीर केले ते द्राक्षप्रक्रियेचे धोरण होते. नाशिककडे त्याचे मोठे भले झाले, तेथे आता रीझलिंगचीही लागवड आहे, आणि नाशिकच्या शेतकऱ्याच्या उत्कर्षाचा आम्हांला आनंदच आहे. प्रश्न एवढाच की, घाटावरच्या फळाला जे धोरण मिळाले ते घाटाखालच्या फळाला मिळण्यासाठी किती हंगाम कुजावे लागतात? २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला, त्यावर गदारोळ उठला आणि तो अंमलात न येताच राहिला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने काजूची बोंडे आणि मोहाची फुले यांपासूनच्या मद्याकडे मोहरा वळविला, आणि त्यांना कोणता दर्जा द्यावयाचा ठरला? विदेशी मद्याचा! राजापूरच्या डोंगरावर पिकलेल्या फळाला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने आधी कागदोपत्री विदेशी व्हावे. आमचे स्नेही आणि आमचे शासन या बाबतीत एकाच शाळेत शिकले असावेत.

जर्मनीतील एक कथा येथे सांगण्याजोगी आहे. योहानिसबर्गच्या द्राक्षमळ्याची मालकी त्या काळी फुल्डाच्या धर्माधिकाऱ्यांकडे होती आणि त्यांची लेखी परवानगी आल्याखेरीज तोडणी करता येत नसे. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार वाटेत रखडला. तो पोहोचेपर्यंत द्राक्षे वेलीवरच सुकली, त्यांना बुरशी धरली. भिक्षूंनी नाइलाजाने तीच पिळली, आणि त्या रसाची वाइन अमृतासारखी निघाली. उशिरा तोडलेल्या फळाची 'श्पेटलेझे' ही वाइन तेव्हापासून रूढ झाली, असे सांगतात. आमच्या स्नेह्यांची ती विशेष लाडकी आहे. त्या मळ्यातल्या द्राक्षाचे नशीब थोर, त्याच्यासाठी निदान घोडेस्वार निघाला तरी होता. कुजलेल्या बोंडाचा मात्र काही केल्या अमृतरस होत नाही.

आता आमच्याच घरातून येणाऱ्या एका आक्षेपाकडे वळले पाहिजे. तो सर्वांत गंभीर आहे. बोंडाच्या वाइनची भलामण करून तुम्ही समाजात दारूच वाढविणार ना, असे आमच्या भगिनी विचारतील, आणि विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. दारूने धुळीस मिळालेली घरे आपल्या वस्त्यांतून सर्वांनी पाहिली आहेत. तरण्या मुलाच्या शवपेटीमागून चालताना त्याच्या मरणाचे कारण कोणी मोठ्याने उच्चारीत नाही, तेही आपण पाहिले आहे. त्यात भर म्हणून हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती माणूस रंगविला तो हातात बाटली घेतलेला, झोकांड्या खाणारा. मिस्साच्या वेदीवरचा द्राक्षरस आणि गुत्त्यातील दारू यांतील अंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगता सांगता आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या गेल्या. गंमत अशी की, कालपर्यंत ज्या पेल्याबद्दल आपल्याला हिणविले जात होते तोच पेला आज जर्मन नाव लावून आला तर त्याला अभिरुची म्हणतात, त्याचे वर्ग भरतात, तो कसा धरावा याचे धडे दिले जातात. दारू तीच. गरिबाने प्यायली की व्यसन, श्रीमंताने वास घेऊन प्यायली की रसिकता.

म्हणून आमचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. गावोगाव भाट्या पेटवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. उलट, मघाच्याच न्यायाने, बेचाळीस टक्क्यांची फेणी तिखट ताटाशेजारी बसण्यास अपात्र आहे हे आम्ही गोव्यातील आप्तांची नाराजी पत्करून सांगू. बोंडाचा उपयोग पहिला ताज्या रसाचा. त्याचा तुरटपणा हा मोठा अडथळा आहे हे खरे, पण साबुदाण्याच्या पेजेने तो तळाशी बसविता येतो, वर राहणारा रस नितळ आणि गोड असतो. त्याचे सरबत, त्याचा पाक, त्याचा शिरका. माडीच्या शिरक्याची जागा बोंडाचा शिरका घेऊ शकतो आणि विंदालूत तो शोभेल. त्यानंतर, आणि परवान्याच्या काटेकोर नियमांखाली, आठ-नऊ टक्क्यांची सौम्य बोंडवाइन. मद्यार्क मोजून, किंचित साखर राखून. जर्मनांनी थंडीशी झगडून जे साधले तेच करायचे, फक्त फळ आपले. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. ज्याला प्यायचीच आहे त्याने, कितीतरी वर्षे दीडशे टक्के आयातकर सोसून आलेली बाटली विकत घेण्यापेक्षा, खेडेगावातील एखाद्या सहकारी संस्थेची घ्यावी. बोंडामागे चार पैसे मिळाले तर बी वेचणाऱ्या बाईच्या हाती काही पडेल. आज तिच्या टोपलीतील जड भाग फुकट जातो.

गेल्या वर्षी याच शहरातील एका मोठ्या हॉटेलात आम्ही पाहुण्यांसह गेलो होतो. गुळगुळीत कागदाच्या भोजनपत्रिकेत सुरमईच्या कालवणासमोर बारीक अक्षरांत एका जर्मन वाइनची शिफारस छापलेली होती, किंमत आमच्या माळ्याच्या आठवड्याच्या मजुरीइतकी. सोलकढीचे नाव कोठेच नव्हते. चौकशी केली तेव्हा वाढप्याने सांगितले, "ती थाळीसोबत येते साहेब, वेगळी मिळत नाही." मग आम्ही एक थाळी मागविली, केवळ तिच्यासाठी. छोट्या वाटीत ती आली, गुलाबी रंगाची, पुडीच्या चुऱ्यापासून केलेली. नारळाचा तिला वासही लागलेला नव्हता. रत्नागिरीत! ज्या गावात परसदारी नारळ पडतो आणि रातांब्याने अंगण लाल होते तेथे वाइनची नक्कल कोणी करीत नाही, सोलकढीची मात्र खुशाल करतात, कारण कोणी तक्रार करीत नाही. आम्ही त्या दिवशी तक्रारवहीत चार ओळी लिहून आलो. त्यांचे काय झाले ते कळले नाही.

स्नेह्यांना आमचे निमंत्रण आहे. येत्या एप्रिलात त्यांनी आपली श्पेटलेझे घेऊन अवश्य यावे, शीतकपाटात तिच्यासाठी जागा करून ठेवू. बांगडे मिरकरवाड्याहून सकाळी आणू, तिखले घरी होईल, तिरफळे गेल्या पावसाळ्यात वाळवून ठेवली आहेत. आगळही घरचाच आहे. दुपारी ऊन उतरले की काजूच्या बागेत फिरायला जाऊ, तेथे मात्र चपला जपून टाकाव्या लागतील, बोंडांनी जमीन चिकट झालेली असते.